दोन मूळगावं

मागे उभं राहून शिट्ट्या मारणाऱ्या मित्रांनो,

अकलूजला आल्यापासून चहाच्या प्रत्येक कपाबरोबर मला एकच प्रश्न विचारला गेला : पाव्हणं, मूळचे कुठले? म्हणून आज अशा मराठी माणसांबद्दल बोलतो, ज्यांच्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत.

कोकणातले बेने इस्राएल म्हणजे आपले मराठी ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, असं त्यांची परंपरा सांगते. पुढं ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद. गावानं नाव ठेवलं शनवार तेली. पेणचे झाले पेणकर, रोह्याचे रोहेकर. तुमच्याकडे तर आषाढात तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं, म्हणून मुद्दाम सांगतो : या लोकांनी अब्राहम आणि योसेफाच्या कथांवर मराठीत कीर्तनं केली आहेत!

1948 साली इस्रायल झालं आणि यातले हजारो तिकडं गेले. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत ज्या जेरुसलेमचं नाव घेतलं, ते आता एसटीच्या अंतरावर आलं. पण 1960 नंतर तिथल्या धर्मपीठानं लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी सुरू केली. तुम्ही खरे ज्यू कशावरून? कोकणातल्या शेजाऱ्यांनी हा प्रश्न कधी काढला नव्हता. तो निघाला वाडवडिलांच्या भूमीत. माणसं चिडली, रस्त्यावर उतरली. अखेर 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचं ठणकावून सांगितलं. मला वाटतं, ज्यू म्हणून ते तिथं गेले खरे, पण आपण मराठी किती आहोत हे त्यांना तिथंच कळलं. दिमोना, अश्दोद, लोद इथं मराठी मंडळं जमली, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं गोड पोह्यांचा, खोबऱ्याचा मलिदा तिथंही होतो.

आता उलटा प्रवास बघा. हिब्रूत वाढलेली नातवंडं विमानानं मुंबईला उतरतात आणि आजीचं गाव शोधत रायगड जिल्ह्यात येतात. नवगावचं जुनं कबरस्तान बघतात. अलिबागजवळच्या खंडाळा गावातल्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, तिथं हात जोडतात. शाळेत जेरुसलेम शिकलेल्या या पोरांचं मूळगाव निघतं अलिबाग!

तुमची सहल कोकणात गेली, तर कुलाबा किल्ला आणि समुद्र बघून लगेच गाडीत बसू नका. अलिबागला इस्राएल आळी आहे, तिथं मागेन आबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. सरांना सांगा, अर्धा तास तिथं थांबायचंय.