विभावरी कोण?

सन १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, अविवाहित मुलींचे कोंडलेले मन त्यांत उघडे केले होते. केवढे वादळ उठले! गंमत अशी, की कथा राहिल्या बाजूला आणि पुष्कळजण विभावरी कोण हेच हुडकीत बसले. कोणी म्हणे, हा पुरुषच असावा! त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. टीकेचा मला राग नाही. पण मिळवत्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नको का द्यायला? 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' ही त्यांतली कथा मी आपल्या सुलतानपुरात वाचून दाखवली, तेव्हा दोघीजणी डोळे पुशीत उठून गेल्या. कोणी लिहिली, हे एकीनेही विचारले नाही.