सही कुणाची, शरीर कुणाचं?

(पाटस येथील महिला मेळाव्यातील भाषण)



भीमा ओलांडली की पलीकडे शिरूर तालुका. १९९४च्या फेब्रुवारीत शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासकीय वसतिगृहातल्या ११ जणींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं की, पाळीत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. सोय कुणाची झाली? त्या मुलींची, की सांभाळणाऱ्यांची?

एम.एस.डब्ल्यू. करताना मी हे वाचलं, संतापले. मग नोकरी लागली. पिशवी काढायला आलेल्या एका ऊसतोडणी करणाऱ्या बाईला मीच म्हटलं, "ताई, अंगठा द्या, नेहमीचाच कागद आहे." तिनं दिला. टाके काढायला आली तेव्हा तिनं विचारलं, "बाई, आता पाळी कधी येईल?"

त्या दिवशी मला कळलं की, कागद झाला होता, संमती झाली नव्हती.

कायदा आज आपल्या बाजूचा आहे. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आईच्या सहीवर काढलं होतं. सज्ञान बाईची संमती आईला देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली ठरवलं. २०१६च्या अपंग हक्क कायद्यानुसार, मूल होणं बंद करणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया अपंग व्यक्तीवर तिच्या मुक्त, माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही.

मुंबईतून १९९३ पासून वैद्यकीय नीतिशास्त्राचं नियतकालिक निघतं. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात नीतिमूल्यं आणि संवाद हा भाग सक्तीचा आहे. हे चांगलंच झालं. पण संमतीवर टीप लिहून मार्क मिळतात; घाबरलेल्या बाईशी तिच्या भाषेत बोलणं खाटेशेजारीच शिकावं लागतं. म्हणून माझी मागणी आहे की, विद्यापीठांनी नीतिशास्त्राची केंद्रं जरूर काढावीत, पण त्यांचे वर्ग वॉर्डात भरवावेत. डॉक्टरांबरोबर नर्स आणि आम्ही समाजकार्यकर्त्यांनीही तिथं बसावं. आणि शिकवायला त्या ताईसारख्या बायांना बोलवावं.

तोवर आपण काय करायचं? अंगठा देण्याआधी विचारायचं: काय काढणार? का? न काढता उपाय आहे का? नंतर काय त्रास होईल? उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारायचं. एकटीला धीर होत नसेल तर शेजारणीला सोबत न्यायचं.

आणि जिला बोलता येत नाही, तिच्यासाठी आपण गप्प बसायचं नाही.