हे बाळसं नव्हे

दवाखान्यात पिल्लू घेऊन येणारे पुष्कळजण कौतुकानं म्हणतात, "डॉक्टर, बघा कसं गुटगुटीत आहे!" मी हात लावून पाहतो, तर पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, पण बरगड्या मोजता येतात आणि केस निस्तेज. हे बाळसं नव्हे, बहुधा जंत असतात.

तीन आठवड्यांच्या पिल्लाला जंत आले कुठून? त्यानं तर आईच्या दुधाशिवाय काही चाखलेलं नाही! टॉक्सोकारा कॅनिस या गोल जंताच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत निपचित पडून असतात. गाभणपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांच्या अंगात शिरतात. काही पुढे दुधातून येतात. (म्हणून दूध तोडायचं नाही, बरं का!) आईच्या विष्ठेची तपासणी स्वच्छ आली, तरी निर्धास्त राहता येत नाही. या अळ्या आतड्यात नसतातच.

तेव्हा शेवयांसारखे जंत उलटीत किंवा शीत दिसण्याची वाट पाहू नका. पहिलं औषध दुसऱ्या आठवड्यातच द्यावं. मग चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दरमहा. लोक येतात ते लसीच्या वेळी, दीड-दोन महिन्यांनी. तोवर जबर लागण झालेलं पिल्लू आतडं तुंबून दगावूही शकतं.

इतक्या वेळा कशाला, असं विचारतात. औषध आतड्यातल्या जंतांना मारतं. यकृत आणि फुप्फुसांतून फिरणाऱ्या अळ्या मात्र वाचतात, खोकल्यासरशी घशात येऊन गिळल्या जातात आणि आतडं पुन्हा भरतं. त्यांना गाठण्यासाठी हे दोन-दोन आठवडे.

एवढ्या लहान जिवाला पायरँटेलचं पातळ औषध बरं; पण मात्रा वजनावर ठरते, म्हणून पिल्लू काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन सांगा. घरातल्या माणसांच्या गोळीचा तुकडा अंदाजानं देऊ नका. गूळ-वावडिंगावर तर मुळीच विसंबू नका. आणि पिल्लांबरोबर आईलाही औषध द्या. ती त्यांना चाटूनपुसून स्वच्छ करते, तेव्हा जंत तिच्याही पोटात जातात.

घरात लहान मूल असेल तर हे सारं अधिकच जपायला हवं. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मातीचे हात तोंडात गेले की अळ्या मुलाच्या शरीरात भटकतात. क्वचित डोळ्यात शिरून दृष्टीही घालवतात. पण ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला साधारण एक ते चार आठवडे लागतात. विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर त्यांना तेवढी सवड मिळतच नाही.