टँग : आपल्याच टॉर्पेडोने बुडालेली पाणबुडी

आजचा भाग यूएसएस टँग या अमेरिकन पाणबुडीबद्दल. दुसऱ्या महायुद्धात तिने जेमतेम वर्षभर काम केलं, पण तेवढ्यात जपानची 30 च्या वर जहाजं बुडवली. आणि शेवटी ती बुडाली कशाने? स्वतःच सोडलेल्या टॉर्पेडोने.

ऑक्टोबर 1943 मध्ये टँग नौदलात आली. कप्तान रिचर्ड ओकेन. त्याची पद्धत अशी, की रात्री पाण्यावर राहूनच थेट ताफ्यात घुसायचं. फक्त बुडवाबुडवीच केली असंही नाही. 1944 च्या वसंतात ट्रुक बेटांजवळ समुद्रात पडलेले 22 वैमानिक याच पाणबुडीने उचलून आणले.

पाचवी मोहीम तैवानच्या सामुद्रधुनीत होती. 25 ऑक्टोबर 1944 ची मध्यरात्र उलटून गेलेली. 24 पैकी 23 टॉर्पेडो सोडून झाले होते. समोर एक जखमी जहाज. शेवटचा टॉर्पेडो सुटला, की झालं, घरी परत!

तो सुटला, डावीकडे वळला, आणि गोल फिरून परत टँगकडेच आला. ओकेनने पूर्ण वेग देऊन पाणबुडी वळवायचा प्रयत्न केला. पण हातात होते जवळपास 20 सेकंद. टॉर्पेडो मागच्या भागावर आदळला आणि टँग सुमारे 55 मीटर खोल तळाला टेकली.

आत जिवंत राहिलेले पुढच्या टॉर्पेडो कक्षात जमले. आत आग, धूर. वर जपानी जहाजांचे पाणसुरुंग. 13 जण मॉमसेन लंग नावाची श्वसनाची पिशवी लावून बाहेर पडले, त्यातले पाचच वाचले. वरच्या भागातून निसटलेले धरून एकूण नऊ. 87 पैकी 78 गेले.

वाचलेल्यांना जपानी जहाजाने उचललं आणि डेकवर बेदम मारलं. मारणारे कोण, तर टँगनेच बुडवलेल्या जहाजांवरचे भाजलेले, जखमी लोक. हे लक्षात आल्यावर मार सोसणं थोडं सोपं गेलं, असं ओकेनने पुढे सांगितलं.

आता इंजिनिअर म्हणून मला जे खटकतं ते सांगतो. हा टॉर्पेडो मार्क 18, विजेवर चालणारा. मागे बुडबुड्यांची रेघ सोडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण उलटा फिरला तर आपोआप निकामी व्हावा, अशी सोय त्यात नव्हती.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं! सात महिने आधी, मार्च 1944 मध्ये, टलिबी ही पाणबुडी पलाऊजवळ अशीच आपल्याच टॉर्पेडोने गेली. वाचला एकच खलाशी, आणि तो युद्ध संपेपर्यंत कैदेत. त्यामुळे नौदलाला खरं कारण कळलंच नाही. आमच्याकडे सर्व्हर बसला तर दुसऱ्या दिवशी सगळे लॉग उघडून बसतात. इथे लॉग समुद्राच्या तळाशी आणि साक्षीदार तुरुंगात.

पण प्रत्येक वेळी खबर पोचलीच नाही, असंही नाही. आधीच्या मार्क 14 टॉर्पेडोबद्दल कप्तान पहिल्यापासून ओरडत होते, की तो ठरवल्यापेक्षा खोल जातो, आदळूनही फुटत नाही. शस्त्रविभाग म्हणे, तुमचाच नेम चुकतो! शेवटी 1942 मध्ये ऑस्ट्रेलियात समुद्रात जाळं लावून टॉर्पेडो सोडले. जाळ्याला पडलेली भोकंच बोलली. तरी सगळे दोष निघायला 1943 चा सप्टेंबर उजाडला.

ओकेन युद्धानंतर घरी आला. 1946 साली त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. पण ते 78 जण शत्रूच्या हातून गेले नाहीत, हे विसरू नका. वापरणारा माणूस तक्रार करतो, तेव्हा आधी यंत्र तपासा, मग माणूस. भेटू पुढच्या भागात.