घरची विहीर, बोअर आणि पंप
(तळेरे येथे भरलेल्या ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षण, विवाह, गुणवंतांचा सत्कार अशा विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर दरवर्षी येतात. माझा विषय त्या मानाने चिखलाचा आहे. ज्याचे उभे आयुष्य पंपांच्या दुरुस्तीत गेले, त्याच्याकडून आपल्या चिटणिसांनी दुसरी अपेक्षाही केली नसावी. तेव्हा प्रस्तावना न लांबवता मुद्द्यास हात घालतो. तो मुद्दा असा की, मुंबईहून मे महिन्यात गावी येऊन, आटलेली विहीर पाहून, आठ दिवसांत बोअर मारून परत जाण्याची जी चाल पडली आहे ती पुष्कळदा पैशाचा आणि पाण्याचा दोहोंचाही नाश करणारी आहे. आधी विहीर पाहावी, मग पंप पाहावा, आणि बोअरचा विचार त्यानंतर करावा.

आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापूरकडे याचा पाचवा हिस्सादेखील धड पडत नाही. तरीही वैशाखात आपल्या वाड्यावाड्यांतून कळश्यांच्या रांगा लागतात, याचे परगावच्या माणसास मोठे नवल वाटते. याचे कारण आपल्या पायाखाली आहे. सड्यावरचा जांभा हा सच्छिद्र दगड. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारातील अशाच दगडाला जे इंग्रजी नाव दिले ते लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून. चिरा कापताना पाहिलेल्यास हे नाव पटावे. या जांभ्यात पाणी झरझर उतरते, त्याच्या खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते, आणि तेथून आडवे वाहत वहाळाला व खाडीला मिळते. म्हणूनच श्रावणात जी विहीर काठाशी येते, तीच वैशाखात तळ दाखविते. पाणी पडत नाही असे नाही, ते आपल्याकडे थांबत नाही.

आता बोअर. तळेऱ्याच्या नाक्यावरून विजयदुर्गाकडे आणि वैभववाडीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खोदाईच्या मोठ्या गाड्या आपण पाहिल्या असतील. त्यांतील पुष्कळ दक्षिणेकडच्या. तामिळनाडूतील तिरुचेंगोडे हे गाव तर या धंद्याचे माहेरघरच समजले जाते. दाबाच्या हवेवर चालणारा तो हातोडा एका दिवसात दोनतीनशे फूट सहज उतरतो. पाथरवटांनी दोन उन्हाळे घालून खणलेल्या विहिरीशी त्याची तुलना केली म्हणजे मोह का पडतो हे कळते.

परंतु या वेगातच गोम आहे. जांभा आणि त्याखालची माती या दोन्ही थरांत भोकाच्या कडा टिकत नाहीत. तेथे नळी, म्हणजे आपण जिला केसिंग म्हणतो ती, घालावी लागते आणि ती खालच्या कठीण काळ्या दगडात घट्ट बसेपर्यंत न्यावी लागते. केसिंगचे पैसे फुटावर असतात. चार फूट वाचविण्याच्या नादात नळी मातीतच थांबविली, तर पहिल्याच पावसात माती आत घसरते, पाणी गढूळ येते आणि पंप भोकात अडकून बसतो. अशा अडकलेल्या पंपांसाठी मी जितक्या वेळा बोलावला गेलो तितका दुसऱ्या कशासाठीही नाही. कित्येकदा दोर कापून, पंप खालीच ठेवून, रिकाम्या हातांनी परत यावे लागले आहे.

दुसरी समजूत अशी की, जितके खोल तितके पाणी. काळ्या दगडाला पाणी धरण्याचा गुण मुळातच अल्प. पाणी असते ते त्याच्या भेगांतून. भेग लागली तर पाणी. ती न लागता तीनशे फूट गेलात तर तीनशे फुटांचे बिल. साठ मीटर वा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीस २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने ‘खोल विहीर’ मानले आहे व तीवर निर्बंध घातले आहेत, याचीही आठवण बाळगावी.

आपली जी कुटुंबे विजयदुर्ग, देवगड, मालवण अशा किनाऱ्याच्या गावी आहेत, त्यांना तर माझे हात जोडून सांगणे आहे. समुद्राकाठी गोडे पाणी हे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी याचा हिशेब मांडला: गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट उंच असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असावयाचे. उपसा करून वरची पातळी एक फुटाने उतरविली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढू पाहते. जमिनीची घडण जागोजागी निराळी असल्याने हा आकडा तंतोतंत धरू नये, पण दिशा तीच. म्हणून तेथे उथळ, रुंद विहीर आणि बेताचा पंप हेच शहाणपण; खोल बोअर व मोठा पंप बसवून शेजारच्या माडांसकट सर्वांचे पाणी खारट करून घेऊ नये.

येथे कोणी विचारील, पाणाड्याचे काय? वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्याच्या खुणांवर एक संबंध प्रकरण लिहिले. झाडे, वारुळे, मातीचा रंग यांवरून तो अनुमाने बांधतो. हे निरीक्षण मला आदरणीय वाटते. हातातली काडी फिरते म्हणून पाणी, यावर मात्र माझा विश्वास नाही. आपल्याकडे उथळ पाणी बहुतेक ठिकाणी लागतेच, त्यामुळे पाणाड्याचे यश स्वस्त आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात काम करीत आहे. तिच्याकडे एक अर्ज टाकण्यास आपल्याला कसला संकोच वाटतो, हे मला उमगलेले नाही.

आता पंप. ‘विहिरीला पाणी नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांच्या विहिरीला पाणी असते, पंपाला ते ओढता येत नसते. काठावर बसविलेला पंप पाणी ओढतो म्हणजे वस्तुतः हवेचा दाब ते वर ढकलतो. आणि हा दाब शास्त्राप्रमाणे चौतीस फुटांपलीकडे पाणी चढवू शकत नाही. व्यवहारात वीस-बावीस फूट मिळाले तरी भाग्य. मे महिन्यात पाणी पंचवीस फुटांवर गेले, पंप नुसता गरगरू लागला, की घरधनी म्हणतो विहीर आटली. उपाय म्हणून पंप आत टप्प्यावर उतरवितात. तो मृग लागण्यापूर्वी वर काढावयाचा असतो हे मुंबईस गेल्यावर विसरतात, आणि आषाढात मोटर पाण्याखाली जाते. ज्या घरी बारमाही माणूस नाही तेथे पाण्यात बुडून चालणारा पंप विहिरीतच सोडावा, हे बरे. मात्र तोही कोरडा चालू देऊ नये, आणि त्याला वायरीने ओढून वर काढू नये. त्यासाठी वेगळा नायलॉनचा दोर बांधलेला असावा.

बंद घरांच्या पंपांची दुखणी ठरावीक आहेत. तळाच्या फूट व्हॉल्व्हचे चामडे सुकते किंवा त्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडकतो. मग भरलेले पाणी टिकत नाही. चतुर्थीला आल्या आल्या बटण दाबले आणि मोटर नुसती घुमली, तर तत्काळ बंद करावी. एक तर दांडा गंजून अडकला आहे, नाहीतर कंडेन्सर गेला आहे. पंख्याच्या बाजूने दांडा हाताने फिरवून पाहावा, अर्थात वीज तोडून. घुमत ठेवलेली मोटर काही मिनिटांत जळते, आणि दहा मिनिटांच्या कामाचे पुन्हा वायंडिंग होऊन बसते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. वर्षानुवर्षे झाकलेल्या विहिरीत एकदम माणूस उतरवू नये. जळता कंदील खाली सोडून पाहण्याची वडिलांची रीत उत्तम. तो विझला तर खालची हवा श्वासास योग्य नाही. परंतु विहिरीत डिझेलचे इंजिन चालविले असेल, तर त्याच्या धुराचा विषारी वायू कंदील न विझताही माणसाला मारतो. इंजिन नेहमी वर ठेवावे. एक खाली पडला म्हणून त्याला काढण्यास दुसरा, त्याच्यामागे तिसरा, अशा वार्ता आपण वर्तमानपत्रांतून वाचतोच.

आता थोडे नाजूक. पुष्कळ बोअर पाण्यासाठी मारल्या जात नाहीत, भाऊबंदकीसाठी मारल्या जातात. सामायिक विहिरीतील गाळ कोणी काढावयाचा, विजेचे बिल कोणी भरावयाचे, यावर दोन चुलते बोलेनासे होतात आणि प्रत्येक जण आपल्या परसात भोक पाडतो. दोन्ही भोके एकाच भेगेचे पाणी ओढतात हे त्यांना मागाहून कळते. सामायिक विहिरीचा मी पक्षपाती आहे. परंतु जुन्या विहिरीचे गोडवे गाताना ती कोणाकोणात सामायिक होती हेही ज्ञातीच्या मेळाव्यात स्पष्ट बोलले पाहिजे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी आपल्याच कोकणातील महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्या तळ्याचा कज्जा उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये निकालात निघाला. दाराशी स्वतःची बोअर असणे ही कोणाला चैन वाटेल, पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याने ओतलेल्या पाण्यावर राहावे लागले त्यांना ती सुटका वाटली असल्यास नवल नाही. म्हणून संघाने विहिरींसाठी जे काही हाती घ्यावयाचे, ते वाडीतील सर्व घरांसाठी घ्यावे, आडनाव पाहून नव्हे.

असे काम हाती घेण्यास फार भांडवल लागत नाही. आज जगभर पोहोचलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ या हातपंपाची मूळ घडण जालना आणि सोलापूर येथील साध्या कर्मशाळांत झाली. तत्पूर्वीचे बिडाचे पंप गावोगाव बसविले गेले खरे, पण ते भराभर मोडून बंद पडत. दुरुस्तीला माणूस नव्हता आणि सुटे भाग नव्हते. आपली स्थिती निराळी नाही. बोअर मारणारी गाडी दारी येते, पण पंप उघडणारा माणूस तालुक्याच्या गावाहून आणावा लागतो. वाडीतील दोन मुलांना, मुलगा असो की मुलगी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजकामासाठी वा पंपदुरुस्तीसाठी धाडण्याचा खर्च शिष्यवृत्ती निधीतून व्हावा, असे मी सुचवितो. त्याचबरोबर एक तिकाटणे, साखळीची कप्पी, दोर आणि गाळ काढण्याचा एक पंप असे सामान तळेऱ्यास कोठेतरी एका जागी असावे.

विहिरीचा गाळ काढण्याची वेळ हीच, पाणी तळाशी असतानाची. आणि कार्तिकात वहाळाचे पाणी ओसरू लागले की वाळूच्या गोण्या रचून वनराई बंधारा घालावा. त्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींना महिना-दीड महिना जास्त पाणी राहते, हे मी अनेक वाड्यांत पाहिले आहे. ज्या घरांना यंदा विहीर उपसून घ्यावयाची आहे त्यांनी जेवणापूर्वी चिटणिसांकडे नाव, विहिरीची अंदाजे खोली आणि पंप कोणता आहे तेवढे लिहून द्यावे. मृगाला अजून अवकाश आहे, मी उद्यापासून फिरण्यास मोकळा आहे.