लोकलच्या डब्यातलं भजन

मुंबईच्या लोकलमध्ये भजन म्हणणारी मंडळं पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवर आहेत. त्यांना ना सभागृह, ना व्यासपीठ. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि रोजचे पासवाले, एवढ्यावर मंडळ उभं राहतं.

याचं मूळ उपनगरांच्या वाढीत आहे. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. पुढे कचेरी दक्षिण टोकाला आणि बिऱ्हाड बोरिवली, मुलुंड किंवा त्याही पलीकडे, अशी अनेकांच्या आयुष्याची वाटणीच झाली. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. स्लो गाडीला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. रोज एकाच दाराने चढणाऱ्यांची ओळख होते, जागा धरल्या जातात आणि त्यातल्या चौघांना गाण्याचं अंग असलं की टाळ बाहेर निघतात. गिरणगावच्या चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची भजनी मंडळं होतीच. अशा घरांबरोबर भजनाची सवयही उपनगरांत आली.

सामान पिशवीत मावेल एवढंच: टाळ, चिपळ्या, कधी ढोलकी. ते नसलं तर डब्याचा पत्रा ठेक्याला पुरतो. नामाचा गजर, मग विठ्ठलाच्या रूपाचा अभंग, त्यामागून इतर अभंग, गवळण आणि शेवटी भैरवी, हा भजनाचा रिवाज वेळ पुरेल तसा पाळला जातो. बुवा ओळ उचलतात, बाकीचे झेलतात. अंधेरीला उतरणारा हातातले टाळ शेजाऱ्याकडे देतो. भजन थांबत नाही.

शब्द संतांचे असले तरी चाल पुष्कळदा सिनेमातल्या गाण्याची असते. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. हे माप पक्कं असल्यामुळे एकदा बसवलेली चाल दुसऱ्या अभंगालाही चालते. शिवाय ती सगळ्यांच्या कानात बसलेली असते, त्यामुळे नवखा प्रवासीही दुसऱ्या ओळीला सूर मिळवतो.

ओळखीच्या चालीवर सगळ्यांनी मिळून गाण्याची ही रीत इतरत्रही आहे. अमेरिकेत विज्ञानकथांचे चाहते संमेलनांत रात्री गोलाकार बसून आळीपाळीने गातात. या गाण्यांना ‘फिल्क’ म्हणतात. जुन्या चालीवर अंतराळयानांची, कथांतल्या पात्रांची नवी गाणी रचायची आणि बाकीच्यांनी ध्रुवपदाला साथ द्यायची. १९८४पासून त्यांना पेगसस नावाचे पुरस्कारही दिले जातात. फिल्कमध्ये शब्द नवे असतात, लोकलच्या भजनात जुने. गाणारे आणि ऐकणारे यांच्यात भिंत मात्र दोन्हीकडे नाही.

डब्यातल्या सगळ्यांनाच हे रुचतं असं नाही. झोप काढणारे, वाचणारे, फोनवर बोलणारे वैतागतात आणि तक्रारीही होतात. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४५नुसार गाडीत उपद्रव करणं हा गुन्हा आहे. दसऱ्याच्या सुमारास मात्र गाडीची पूजा होते, डब्याला फुलांच्या माळा चढतात आणि प्रसाद सगळ्यांच्या हातावर पडतो.

मार्च २०२०मध्ये साथीमुळे लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना ती १५ ऑगस्ट २०२१पासून खुली झाली. दरम्यान अनेकांचं काम घरून होऊ लागलं, पाळ्या बदलल्या. अशा मंडळाला पैसा किंवा परवाना लागत नाही, पण त्याच माणसांनी त्याच गाडीला रोज येणं लागतं. कामाच्या वेळा विस्कटल्या की टाळकरी पांगतात. वेळ जुळली की दुसऱ्या गाडीत पुन्हा मंडळ जमतं.