शरीराची खबर वेळेवर ऐका

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'मानवी मज्जासंस्था आणि ज्ञानेंद्रिये' असा. नाव ऐकून मागच्या रांगेतल्या आयाबाया म्हणतील, हा तर कॉलेजातल्या पोरांचा विषय! पण तसे नाही. शेजारच्या आजीच्या पायाची न भरणारी जखम, मिरवणुकीनंतर कानात वाजत राहणारी शिट्टी, कुणाच्या अंगावरून गेलेले वारे, या साऱ्यांचा संबंध याच विषयाशी आहे.

प्रथम रचना समजून घेऊ. आपल्या शरीरात खबर पोचवण्याची एक व्यवस्था आहे. तिचे तीन भाग. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही खबर टिपतात. मज्जातंतू ती खबर वाहून नेतात. आणि मेंदू त्या खबरीचा अर्थ लावून हुकूम सोडतो. मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. शरीराच्या वजनात त्याचा वाटा अवघा दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळपास वीस टक्के तो एकटाच वापरतो. मेंदूपासून पाठीच्या मणक्यांतून खाली उतरतो तो मज्जारज्जू. मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून ३१ जोड्या निघतात व अंगभर पसरतात. आपण बोलताना रक्ताच्या नळीलाही 'नस' म्हणतो आणि मज्जातंतूलाही 'नस'च म्हणतो. पण दोन्ही वेगळ्या. एकीतून रक्त वाहते, दुसरीतून खबर.

ही खबर किती वेगाने जाते? चुलीजवळच्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, 'आई गं' नंतर निघते. कारण हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूची वाट न पाहता मज्जारज्जूतूनच सुटतो. दुखल्याची जाणीव मेंदूत पोचेपर्यंत हात वाचलेला असतो. म्हणजे वेदना ही आपली वैरीण नव्हे, ती पहारेकरी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डोळा एकटा पाहत नाही. डोळ्याच्या पडद्यावर उमटलेली खबर मेंदूच्या मागच्या भागात जाते, तेव्हा आपल्याला दिसते. त्या भागाला जबर इजा झाली तर डोळे धडधाकट असूनही माणसाला दिसत नाही. विहारात आपण षडायतन हा शब्द ऐकतो. चक्षू, श्रोत्र, घ्राण, जिव्हा, काय आणि सहावे मन. इंद्रिय, विषय आणि विज्ञान म्हणजे जाणीव, ही तीन एकत्र आली की स्पर्श होतो, असे तथागतांनी सांगितले. इंद्रिय एकटे पुरत नाही, हे आजचे शरीरशास्त्रही वेगळ्या वाटेने सांगते.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. ही व्यवस्था तिन्ही ठिकाणी बिघडू शकते.

पहिले ठिकाण, खबर टिपणारे इंद्रिय. कानाचे उदाहरण घेऊ. आतल्या कानात शंखासारख्या नळीत केसांसारखे टोक असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण १५ हजार. आवाजाची लाट त्यांना हलवते आणि खबर सुरू होते. मोठ्या आवाजाने त्या मोडतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालू शकतो, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. डीजेच्या भिंतीपुढे आवाज शंभराच्या वर सहज जातो आणि आमची पोरे तिथे चार-चार तास नाचतात! बाबासाहेबांची जयंती थाटात व्हावी, यात दुमत नाही. पण ज्या बाळाला उद्या शिकायचे आहे त्याला कडेवर घेऊन स्पीकरपुढे उभे राहायचे का, याचा विचार मंडळांनी करावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, तीही याचसाठी.

दुसरे ठिकाण, खबर नेणारे तंतू. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतचा मार्ग जवळपास एक मीटर लांबीचा आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की या लांबच लांब तंतूंना इजा होते, म्हणून बधिरपणा बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो. आधी मुंग्या येतात, जळजळ होते, मग काहीच कळेनासे होते. माणूस म्हणतो, 'आता बरंय, दुखत नाही.' अहो, दुखत नाही म्हणूनच भीती आहे! चपलेतला खिळा टोचला तरी पत्ता लागत नाही, जखम चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येते.

कुष्ठरोगातही हेच घडते. या रोगात बोटे आपोआप झडतात, असा पूर्वी समज होता. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. रोग्यांच्या हातापायांचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी दाखवून दिले, की तंतू बधिर झाल्याने चटका, जखम, घासणे काहीच कळत नाही, आणि त्या न कळलेल्या इजांनी बोटे जातात. वेदना हरवल्याने माणसाचे काय होते, याचा हा धडा आहे. आज सरकारी दवाखान्यात याचे औषध मोफत मिळते. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर लपवू नका. हे कुणाच्या पापाचे फळ नाही, जंतूंचा रोग आहे.

तिसरे ठिकाण, खुद्द मेंदू. एखाद्या रक्तनळीत गुठळी अडकली किंवा नळी फुटली की आपण म्हणतो, 'अंगावरून वारं गेलं.' वारेबिरे काही नाही, मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूला चालवते, म्हणून इजा डावीकडे झाली तर उजवा हात-पाय लुळा पडतो. मोठी नळी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली तरी तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. त्रास किती वाजता सुरू झाला हे डॉक्टरांना सांगा.

फिट येणे हाही मेंदूचाच आजार. चेतापेशींमधली वीज काही क्षण बेशिस्त होते, बस्स. तरी अजून कुणी म्हणतो 'बाहेरचं लागलंय', कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातांत चमचा घालतो. यातले काहीही करू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठा. नियमित औषधाने दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. आणि फिट येते म्हणून मुलीचे शिक्षण थांबवायचे नाही, ही आमची हात जोडून विनंती आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

बंधू-भगिनींनो, ऐकून घरी गेल्यावर करायचे काय? साखरेचा आजार असलेल्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत. म्हाताऱ्यांना वाकता येत नाही, तर नातवंडांनी आजी-आजोबांचे पाय पाहावेत. अनवाणी फिरू नये. दर पौर्णिमेला वंदना आटोपली की घरातल्या सगळ्यांच्या अंगावरचे चट्टे तपासावेत. १०८ हा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. आणि मिरवणुकीचा आवाज किती असावा, हे मंडळाच्या बैठकीत आपण स्वतःच ठरवावे, पोलीस येण्याची वाट पाहू नये.

आपले शरीर रोज खबर देते. ती ऐकणारा माणूस घरात असला पाहिजे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!